पाचवी पायरी

“पाणी मोजणाऱ्या बाई आल्यात. सांग, आई आंघोळीला गेलीये.”

आई हे माझ्या कानाशी कुजबुजली, पण आमच्या सोसायटीतली दारं पातळ आहेत. बेल वाजवून बाहेर उभ्या असलेल्या भोसेकर काकूंना ते स्वच्छ ऐकू गेलं असणार. मी दार उघडलं आणि सांगितल्याप्रमाणे म्हणाले, “आई आंघोळीला गेलीये.”

काकूंनी मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ बघितलं. “साडेअकरा. बरं. तिची आंघोळ होईस्तोवर तुझी माहिती लिहिते. नाव?”

“ईशा.”

“दिवसा घरी कोण असतं?”

“मीच. वर्क फ्रॉम होम आहे.” माझी कंपनी हिंजवडीला आहे. महिन्यातून दोनदा बसने जाते, एरवी बेडरूममधल्या टेबलावर ऑफिस.

“जिना चढता-उतरता न येणारं कोणी आहे घरात?”

“नाही. पण हे कशासाठी आहे? मतदार यादी?”

“पूर आला तर कोणाला आधी उचलायचं, त्याची यादी.”

आंघोळीला गेलेली आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो काकू, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत!”

“माहीत आहे,” काकू तितक्याच शांतपणे म्हणाल्या. “म्हणून तुम्हाला उचलणाऱ्यांत घेतलंय.”

आमची सोसायटी कर्वेनगरात, नदीपासून चालत सात मिनिटांवर. मध्ये घरांच्या दोन रांगा आहेत, त्यामुळे नदी दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे ती नाही असं आम्ही सगळे धरून चालायचो. काकू तळमजल्यावर दोन नंबरमध्ये राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांच्या मोठ्या नणंदबाई. काकू त्यांना ‘वन्सं’ म्हणायच्या, म्हणून सगळी सोसायटीच त्यांना वन्सं म्हणायची. अर्धांगवायूने वन्संचे पाय गेले होते. हॉलमध्ये खिडकीशी त्यांचा पलंग होता. तिथून त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायच्या आणि बोलायच्या. आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या. जिभेला काही झालं नव्हतं.

काकू एका सरकारी कचेरीच्या ड्रॉइंग ब्रँचमध्ये ट्रेसर होत्या. असं काही काम असतं हे मला माहीत नव्हतं. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि त्यातली रेघ न् रेघ शाईने गिरवायची. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं.

“म्हणजे कॉपी करायचात?” मी एकदा विचारलं. विचारल्यावर जीभ चावली.

“हो,” त्या म्हणाल्या. “पण नद्यांची.”

चहाचा कप आणताना त्यांचा हात थरथरायचा, बशीत चहा सांडायचा. तोच हात पट्टीशेजारी टेकवला की दगडासारखा स्थिर. पेन्सिलीला टोक ब्लेडनेच करायच्या. शार्पनर म्हणजे आळशी लोकांचं यंत्र. आणि ‘थोडंसं’ हा शब्द त्यांना अजिबात चालत नसे. भाजीवाला म्हणाला की थोडी महाग झाली मेथी, तर “थोडी म्हणजे किती?” नळाला थोडा वेळच पाणी येईल अशी सूचना लागली की त्या खाली पेन्सिलीने लिहायच्या, ‘थोडा म्हणजे किती?’ डॉक्टरांनी गुडघ्यासाठी थोडं चालायला सांगितलं, तेव्हा त्यांनाही हेच विचारलं. डॉक्टर वैतागून म्हणाले, “एक किलोमीटर चाला हो!” काकूंनी घरी येऊन मोजलं. आमच्या गेटपासून नदीकाठच्या मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचं, की बरोबर तेवढं होतं.

सगळं सुरू झालं ते त्या चालण्यातून. देवळाच्या नऊ पायऱ्या नदीत उतरतात. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की फोनवर मेसेज फिरतात, इतके क्युसेक, तितके क्युसेक. आम्ही ते वाचायचो आणि पुढे पाठवायचो. क्युसेक म्हणजे नेमकं काय हे कोणीच कोणाला विचारत नसे. काकूंनी एक साधी गोष्ट केली. मेसेजमधला आकडा एका रकान्यात लिहायचा आणि त्या दिवशी पाणी खालून कितव्या पायरीला टेकलंय ते शेजारच्या रकान्यात. चार पावसाळे त्यांनी हे केलं. एक दिवस पाणी पाचव्या पायरीला होतं. कर्वेनगरात पावसाचा थेंब नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांना आमच्या बिल्डिंगच्या मागच्या, नदीला जाऊन मिळणाऱ्या पावसाळी गटाराच्या चेंबरमधून गुडगुड आवाज ऐकू आला. झाकणाच्या कडा आतून ओल्या झाल्या होत्या.

“नदी आपल्या खाली येऊन गेली,” त्या मला सांगत होत्या. “कोणी बघितलंसुद्धा नाही.”

माझं त्यांच्याकडे जाणं सुरू झालं ते नळीमुळे. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तशी दहा मीटरची पारदर्शक नळी त्यांनी आणली होती. त्यात निळी शाई घातलेलं पाणी भरायचं. नळीची दोन टोकं दोन ठिकाणी धरली की पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं, आणि मग जमीन कुठे किती खाली आहे ते मोजता येतं. टोकं दोन आणि काकू एकट्या. त्यांनी आमच्या मजल्यावर येऊन आईला विचारलं, “तुमची मुलगी रविवारी काय करते?” आई म्हणाली, “काही नाही, झोपते.” मला कोणीच विचारलं नाही.

पाच रविवार आम्ही देवळाच्या पाचव्या पायरीपासून सोसायटीपर्यंत ती नळी दहा-दहा मीटर सरकवत आणली. रस्त्यावरचे लोक थांबायचे. “काय आजी, केबल टाकताय?” मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. काकू खाली वाकून आकडा वाचायच्या, मी वहीत लिहायचे. तिसऱ्या रविवारी त्यांनी माझी वही बघितली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. त्या ‘एकोणसाठ’ म्हणाल्या होत्या, मी ६९ लिहिलं होतं. इंग्लिश मीडियमच्या मुलांचं हे कायमचं दुखणं, आणि मला ते कोणासमोर उघडं पडलेलं आवडत नाही. माझे डोळे भरून आले. काकू रागावल्या नाहीत. समजूतही घातली नाही. “दहा सेंटिमीटर. एवढ्या पाण्यात माणसाचा घोटा बुडतो. चल, परत,” म्हणाल्या आणि पुन्हा मागे चालू लागल्या. त्यानंतर मात्र त्या माझ्यासाठी आकडे सुटे करून सांगू लागल्या. पाच, नऊ. सात, चार. असं का, ते कधी बोलल्या नाहीत.

पाचव्या रविवारी उत्तर मिळालं. समोरच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबराचे थर चढून तो आमच्या गेटपेक्षा वीतभर उंच झाला होता. गेटपेक्षा पार्किंग खाली. आणि सगळ्यात खाली मागचा चेंबर.

“पाणी पुढून येणारच नाही,” काकू म्हणाल्या. “सगळे गेटकडे बघत उभे राहतील आणि ते मागून येईल. वर आलं की रस्त्याकडे जाताही येणार नाही त्याला. आपलं पार्किंग म्हणजे बशी आहे.”

त्यांनी याचा नकाशा काढला. मी आयुष्यात इतकी नीटनेटकी वस्तू बघितली नव्हती. तो घेऊन आम्ही चेअरमन पानसे काकांकडे गेलो. पानसे काका वाईट नाहीत. सोसायटीचं काम मनापासून करतात. पण त्या वर्षी सोसायटी रीडेव्हलपमेंटला द्यायची बोलणी चालू होती आणि दर आठवड्याला कोणी ना कोणी बिल्डर इमारत बघायला यायचा. त्यांनी नकाशा दोन्ही हातांत धरून लांबून बघितला, जवळून बघितला.

“काकू, सुंदर आहे. फ्रेम करून हॉलमध्ये लावा.”

“सोसायटीच्या?”

“तुमच्या.”

काकू रोज व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओळ टाकायच्या, ‘आज दुसरी पायरी’, ‘आज तिसरी पायरी’. एकदा कोणीतरी खाली लिहिलं, ‘आमच्याकडे आज चौथी पोळी’. बरेच जण हसले. मग कोणीतरी रागावलं, कोणी कोणाचं जुनं काही काढलं, आणि पानसे काकांनी ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं करून टाकलं. त्या संध्याकाळी मी काकूंना विचारलं, वाईट वाटलं का. त्या म्हणाल्या, “पायरी काही ग्रुपवर नाही.”

वन्सं पलंगावरून म्हणाल्या, “अगं, तिला वाईट वाटत नाही. तिला मिलिमीटरमध्ये वाटतं.”

त्या दोघींचं असंच चालायचं. पण काकूंची ती वही, तो नकाशा, ती घरोघरची यादी हे सगळं कोणासाठी होतं, ते त्या हॉलमध्ये पाच मिनिटं बसलं तरी कळायचं. पाणी आलं तर बाकी सगळे जिना चढून वर जाऊ शकत होते. वन्सं नाही. त्यांना खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावर न्यायला चार माणसं लागणार होती. काकू चार घरी गेल्या आणि चौघांकडून होकार घेऊन आल्या. माझे बाबा, दुसऱ्या मजल्यावरचा जिमला जाणारा रोहित, स्वतः पानसे काका आणि वॉचमन बालाजी. कोणीच नाही म्हणालं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. बाबा तर म्हणाले, “त्यात काय काकू, हाक मारा.”

माझं काम वेगळं होतं. मागचा चेंबर आमच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून सरळ खाली दिसतो. झाकणाला बोट घालायची दोन भोकं आहेत. त्या भोकांतून पाणी वर येताना दिसलं की वेळ झाली. मी काकूंना फोन करायचा, बाबांना सांगायचं आणि बाकी तिघांची दारं वाजवायची. त्यानंतर पार्किंगमध्ये पाणी चढायला साधारण अर्धा तास, असा काकूंचा हिशेब होता.

जूनमध्ये एक तालीम झाली. वन्संनी खुर्चीत बसायला साफ नकार दिला. “उचलायची तालीम कसली? मी मेल्यावर एकदाच काय ते उचला.” मग काकूंनी खुर्चीत गव्हाचं पोतं ठेवलं. चौघांनी ते हसतखेळत वर नेलं. रोहितने व्हिडिओ काढला. पानसे काकांनी पोत्याला वाकून नमस्कार केला. काकू घड्याळ धरून जिन्यात उभ्या होत्या. “दोन मिनिटं वीस सेकंद,” त्या म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच दात दिसतील इतकं हसताना बघितलं.

पूर आला त्या दिवशी सकाळी नदीकाठचा रस्ता बंद झाला होता. वरच्या डोंगरात तीन दिवस पाऊस कोसळत होता, धरणाचे मेसेज तासातासाला येत होते. देवळापर्यंत कोणाला जाऊ देत नव्हते, त्यामुळे पायरी दिसत नव्हती. सात पस्तीसला काकूंचा फोन आला. वन्संना भरवणं चालू होतं. त्यांना गिळायला त्रास व्हायचा, त्यामुळे मध्येच सोडून उठता येत नसे. “ईशा, जरा झाकण बघून सांग.”

माझा परदेशातल्या क्लायंटबरोबर कॉल चालू होता. कानात एक माणूस बोलत होता, हातात काकूंचा फोन. मी बाल्कनीत गेले. दोन्ही भोकांतून मातकट पाणी वर येत होतं. फार नाही, करंगळीएवढी धार. झाकण किंचित थरथरत होतं.

“काय दिसतंय?”

“थोडंसं पाणी आहे.”

“थोडंसं म्हणजे किती? भोकातून वर येतंय?”

त्याच क्षणी लॅपटॉपवर माझं नाव पुकारलं गेलं. पुढचं प्रेझेंटेशन माझं होतं.

“नाही. ठीक आहे, काकू. काही नाही.”

मी असं का म्हणाले, यावर मी खूप विचार केला आहे. एक कारण सापडत नाही. हो म्हटलं असतं तर मला दारं वाजवत फिरावं लागलं असतं, चार माणसं माझ्याकडे बघत उभी राहिली असती. आणि तेवढ्यात पाणी ओसरलं असतं तर? पाच मिनिटांनी परत बघू, असं मी ठरवलं. पाच मिनिटांची वीस झाली.

नंतर कळलं, की मध्यंतरी पानसे काका काकूंच्या खिडकीशी थांबले होते. त्यांनी चेष्टेत नाही, काळजीनेच विचारलं होतं, “काय काकू, उचलायचं का?” आणि काकू म्हणाल्या होत्या, “मागचा चेंबर ठीक आहे. अजून वेळ आहे.”

कॉल संपवून मी बाल्कनीत आले तेव्हा झाकण दिसतच नव्हतं. मागची सगळी फरशी तपकिरी पाण्याखाली होती आणि ते पार्किंगकडे सरकत होतं, आवाज न करता.

मी बेल वाजवल्या. बाबांना सांगितलं, रोहितला सांगितलं, पानसे काकांना सांगितलं. तिघेही लगेच उठले. आणि तिघांनीही एकच वाक्य म्हटलं. “आलोच, गाडी तेवढी वर पुलाच्या रस्त्याला लावून.”

पुण्यात पाणी यायला लागलं की माणसं आधी गाडी पुलावर नेतात. हे सगळ्यांना माहीत आहे. काकूंनी रस्ता मोजला होता, गेट मोजलं होतं, झाकणाची भोकंसुद्धा मोजली होती. त्यांच्या यादीत चार माणसं होती. त्या माणसांच्या गाड्या यादीत नव्हत्या.

रोहितची गाडी गेटच्या चढावर बंद पडली. मागे बाबांची, त्यामागे पानसे काकांची, मग इतरांच्या. चौथा माणूस, बालाजी, पुढच्या गाडीला धक्का देत होता. मागून पाणी चढत होतं, हॉर्न वाजत होते आणि कोणालाच ना पुढे जाता येत होतं ना दार उघडून उतरता येत होतं.

काकूंच्या घरात आम्ही तिघी होतो. काकू, मी आणि बालाजीची बायको गंगा. ती यवतमाळकडची. तिच्या खोलीत आधीच पाणी शिरलं होतं, तरी ती सरळ इकडे आली होती. “पाणी येऊन राह्यलं ना काकू, चाला लवकर!” ती ओरडत होती. काकूंनी खुर्ची पलंगाला लावून ठेवली होती. वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय गं, तालीम की प्रयोग?”

आम्ही त्यांना खुर्चीत घेतलं. दारापर्यंत नेलं. जिना दारापासून बारा पावलांवर आहे, पण त्या बोळात पाणी मांडीपर्यंत आलं होतं आणि त्याला ओढ होती. गंगाचा पाय सरकला, खुर्ची कलली, वन्सं कमरेपर्यंत भिजल्या. काकूंच्या गुडघ्याने साथ सोडली. मी जेवढा जोर लावला तेवढाच माझ्यात होता. आम्ही मागे फिरलो आणि कसंबसं त्यांना जेवणाच्या टेबलावर बसवलं. गंगा माणसं आणायला गेली आणि गेटाशी अडकली. काकू टेबलाला टेकून वन्संच्या पाठीमागे हात घालून उभ्या राहिल्या. मी पायांशी.

पाणी काकूंच्या कमरेपर्यंत आलं. डबे, चपला, वर्तमानपत्रं तरंगत होती. काकू भिंतीवर पेन्सिलीने केलेल्या खुणांकडे बघत मधूनमधून सांगायच्या, “फरशीपासून आठ, सहा.” मग बऱ्याच वेळाने, “आठ, आठ.” मला वाटलं, त्या वन्संना धीर देतायत. मग लक्षात आलं, की आकडे सुटे आहेत. त्या मला सांगत होत्या.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “काकू, तुम्हाला थंडी वाजतेय का?”

“वन्संना वाजतेय,” त्या म्हणाल्या.

पाणी दहाच्या सुमाराला थांबलं. साडेदहाला बाबा छातीपर्यंतच्या पाण्यातून आले, मागे रोहित, पानसे काका आणि बालाजी. चौघांनी वन्संना उचललं आणि पहिल्या मजल्यावर नेलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. काकूंनी घड्याळाकडे बघितलं नाही.

वन्संच्या छातीत कफ भरला. त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, बाराव्या दिवशी त्या तिथेच वारल्या. आधीच्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले होते. कॉरिडॉरमध्ये मी सुरुवात केली, “काकू, त्या दिवशी सकाळी—” काकूंनी डबा हातात घेतला आणि झाकण उघडून बघितलं. “खिचडी? छान. त्यांना पातळ लागते, यात गरम पाणी घालून आण.” मी गरम पाणी आणायला गेले. परत येईपर्यंत माझं धैर्य संपलं होतं. त्यांना कळलं होतं, मी काय सांगणार होते ते. आता मला तसंच वाटतं.

पुढच्या पंधरवड्यात काकू तळमजल्यावरचं घर आवरत होत्या. भिजलेल्या वहीची पानं सुटी करून त्यांनी चिमटे लावून दोरीवर वाळत घातली होती. शाईचे आकडे विरघळून गेले होते, पेन्सिलीचे राहिले होते. त्या खिडकीशी बसून पेन्सिलीच्या आकड्यांवरून नवीन वही उतरवून काढत होत्या. पलंगाची जागा रिकामी होती, पण त्या तिथून जाताना अजूनही अंग चोरूनच चालायच्या.

सोसायटीची सभा गच्चीवर, पत्र्याखाली झाली. मी काकूंना बघितलं ते तिथे शेवटचं. दोन दिवसांनी त्या नाशिकला भाचीकडे राहायला गेल्या. त्या मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर नवीन वही. तळमजल्यावरच्या आणखी तीन घरांतले लोक पुढे बसले होते. त्यातल्या एका घरात नऊ महिन्यांचं बाळ आहे आणि एकात डोळ्यांनी दिसत नसलेले आजोबा. काकूंनी सभेपुढे एकच विनंती ठेवली होती. यादी नव्याने करावी, ती सोसायटीची म्हणून करावी, आणि गाडीवाल्यांची नावं उचलणाऱ्यांत घेऊ नयेत.

पानसे काका उभे राहिले. ते खूप वाळले होते. हॉस्पिटलमध्ये मी त्यांना भिंतीकडे तोंड करून रडताना बघितलं होतं.

“मी कोणालाही दोष देत नाही,” ते म्हणाले. “पण इतिवृत्तात खरं ते लिहिलं पाहिजे. पावणेआठला मी स्वतः काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, मागचा चेंबर ठीक आहे, अजून वेळ आहे. त्यांच्या शब्दावर मी थांबलो. बाकीच्यांनाही थांबवलं. नाहीतर वन्संना आम्ही तेव्हाच वर नेलं असतं.”

मग मधल्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाल्या, “इतकं मोजूनमापून शेवटी घरच्याच माणसाच्या वेळी चुकलं.” शेजारच्या गृहस्थांनी मान डोलावली. “म्हणूनच म्हणतो, असल्या खासगी याद्यांवर विसंबणं धोक्याचं आहे. हा विषय बंद करावा.”

“काकू, तुम्ही तसं म्हणाला होतात ना?” पानसे काकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात विनवणी होती.

काकू उभ्या राहिल्या. गुडघा धरून, सावकाश. “हो. मी म्हटलं होतं.”

“तुम्ही स्वतः झाकण बघितलं होतंत?”

आई माझ्या शेजारी होती. बाबा पलीकडे. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. इतकं ठरवून बघितलं नाही, की मला ते सहन होईना.

“शब्द माझा होता,” त्या म्हणाल्या. “तेवढं लिहा.”

पानसे काकांनी पेन उघडलं. तीन घरांतले लोक एकमेकांकडे बघत होते. बाळाची आई काकूंकडे पाठ करून बसली होती. विषय बंद होणार होता, यादी जाणार होती. काकू नाशिकला जाणार होत्या ते चुकलेल्या म्हणून. मी उठले तेव्हा खुर्ची मागे पडली आणि सगळे वळले. आईने माझ्या ओढणीचं टोक धरलं.

“लिहू नका, पानसे काका. काकूंनी झाकण बघितलंच नव्हतं, त्या वन्संना भरवत होत्या. मी बघितलं होतं. सात पस्तीसला दोन्ही भोकांतून पाणी वर येत होतं, आणि मी त्यांना सांगितलं, काही नाही.”